झाकणाखालचा कायदा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नगरपालिकेच्या सभेत गटाराच्या विषयाला कधी नाक मुरडले नाही, असे इथले जुने लोक सांगतात. म्हणून घरगुती सांडपाणी आणि सेप्टिक टँक हा विषय या व्यासपीठावर मांडताना मला संकोच वाटत नाही. माझी सगळी नोकरी नगरपालिकांच्या बांधकाम आणि पाणीपुरवठा विभागांत गेली. तिथे जे पाहिले त्यातून एक मत बनले आहे, ते आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे कायदा सेप्टिक टँककडे दोनदाच पाहतो. एकदा घर बांधताना, नकाशावर. दुसऱ्यांदा टाकीत माणूस मेल्यावर, पंचनाम्यात. या दोन्हींच्या मधली तीस-चाळीस वर्षे टाकी काय करते, भरते की गळते, तिच्यातला गाळ कोण काढतो आणि कुठे ओततो, हे विचारणारे कोणी नाही. विहिरी नासतात, नाले काळे पडतात ते याच मधल्या काळात. नवीन टाकीला परवाना देणे हे शासनाचे सोपे काम झाले. जुनी टाकी ठरल्या वर्षी रिकामी होईल, ही हमी देणे हे खरे काम आहे.

गटार येईपर्यंत

2011च्या जनगणनेचे आकडे पाहा. देशातल्या शहरी घरांपैकी 32.7 टक्के घरांचे संडास भुयारी गटाराला जोडलेले होते आणि 38.2 टक्के घरांचे सेप्टिक टँकला. म्हणजे शहरांतसुद्धा गटारापेक्षा टाकीवर चालणारी घरे जास्त. गावांत तर भुयारी गटाराचा प्रश्नच नाही.

तरीही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकी भाषणात टाकीचे नाव येत नाही, भुयारी गटार योजनेचे येते. ती मंजूर होते, रस्ते खोदले जातात, निवडणूक होते, उरलेला टप्पा पुढच्या निधीवर जातो. गटार नको असे मी म्हणत नाही. दाट वस्तीच्या मोठ्या शहराला ते लागतेच. पण गटार वाहायला पाणी लागते. केंद्राच्या मार्गदर्शिकेत भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा गृहीत धरला आहे. ज्या गावात दोन-तीन दिवसांआड नळ येतो, उन्हाळ्यात आठवड्याने येतो, तिथे त्या नळ्यांमधून घाण वाहणार कशी? ती मध्येच बसते, चेंबर तुंबतात आणि मग लोक पुन्हा टाकी बांधतात.

तेव्हा टाकी ही गटार येईपर्यंतची तात्पुरती सोय आहे, हा समज आधी सोडला पाहिजे. महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या नगरपरिषदांमध्ये टाकी हीच व्यवस्था आहे आणि ती पुढेही राहणार आहे. शासन मात्र तिला तात्पुरती समजून वागते. तात्पुरत्या गोष्टीसाठी ना अंदाजपत्रकात शीर्ष, ना कर्मचारी, ना नोंदवही.

टाकी काय करते आणि काय करत नाही

सेप्टिक टँक हे नाव रूढ झाले ते इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांच्यामुळे. 1895च्या सुमारास त्यांनी तिथे अशी टाकी बांधली. ही कल्पना आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. 1897 मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या निवासात मैल्याच्या टाकीतला वायू काढून दिवे लावल्याची नोंद आहे. तेव्हा हे तंत्र आपल्याला नवे नाही. सव्वाशे वर्षे झाली.

टाकीचे काम साधे आहे. संडासातून आलेले पाणी तिच्यात एक-दोन दिवस स्वस्थ राहिले पाहिजे. जड भाग तळाला बसतो, तेलकट आणि हलका भाग वर साय धरतो आणि मधले निवळलेले पाणी दुसऱ्या टोकाच्या टी-पाइपातून बाहेर पडते. तळाच्या गाळाला हवा न लागता जिवाणू खातात, त्यातून वायू निघतो, तो व्हेंट पाइपातून वर जातो. मात्र जिवाणू सगळा गाळ संपवत नाहीत. माणशी वर्षाला काही बादल्या गाळ उरतोच. तो साठत गेला की पाण्याला उभे राहायला जागा कमी होते. टाकी गाळाने निम्मी भरली तर पाणी आधीच्या निम्म्या वेळेत बाहेर पडते. पुरती भरली की टाकी उरतच नाही, नुसते चेंबर उरते. वरून आले तसे खाली गेले.

दुसरे असे की टाकी नीट चालत असली तरी बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. ते दिसायला निवळ असते, पण रोगजंतूंनी भरलेले असते. म्हणून त्याला शोषखड्डा किंवा झिरपचर हवा. उरलेले शुद्धीकरण माती करते. याचा अर्थ टाकी ही निम्मीच यंत्रणा आहे. उरलेली निम्मी जमिनीत असते आणि तीच आपण बांधत नाही.

यावर नियम नाहीत असे समजू नका. आहेत, आणि चांगले आहेत. भारतीय मानक 2470 आहे, विकास नियंत्रण नियमावल्यांत त्याच धर्तीवरची कलमे आहेत. टाकीची आतली रुंदी किमान 75 सेंटिमीटर, पाण्याच्या पातळीखाली खोली किमान 1 मीटर, माणशी किमान 85 लिटर क्षमता, लांबी रुंदीच्या किमान दुप्पट. झिरपचर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 18 मीटरच्या आत नको, राहत्या घरापासून 6 मीटरच्या आत नको. व्हेंट पाइप किमान 50 मिलिमीटरचा आणि त्याच्या तोंडाला डास न शिरणारी जाळी. टाकीतले पाणी योग्य प्रक्रियेशिवाय उघड्या गटारात किंवा ओढ्यात सोडायचे नाही. वाचले की वाटते, आता आणखी काय हवे?

नकाशाचा उजवा कोपरा

आता हे नियम फाइलीत कसे उतरतात ते सांगतो. बांधकाम परवान्याच्या नकाशात उजव्या बाजूला दारे-खिडक्यांचा तक्ता असतो, त्याच्याखाली सेप्टिक टँकचा छेद. दोन कप्पे, मध्ये आडभिंत, एक व्हेंट पाइप, वर दोन झाकणे. हे चित्र ड्राफ्ट्समनच्या संगणकात एकदाच काढलेले असते आणि प्रत्येक नकाशावर तसेच्या तसे चिकटवले जाते. एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आलेल्या फाइलींमध्ये नदीकाठचा प्लॉट, टेकडीवरचा प्लॉट आणि काळ्या रानातला बिनशेती प्लॉट, तिघांची टाकी एकच असायची. मापे नियमात बसतात, छाननीत हरकत निघत नाही, शिक्का बसतो.

जागेवर मात्र टाकी सगळ्यात शेवटी खणतात. घर उभे राहिले, पैसे संपत आले, गिलावा चालू आहे, तेव्हा मिस्त्री विचारतो, टाकी कुठे घ्यायची? उरलेल्या जागेत घेतात. ती जागा म्हणजे पोर्च, पार्किंग किंवा जिन्याखालचा कोपरा. खर्च वाचावा म्हणून तळाला काँक्रीट टाकत नाहीत. मधली आडभिंत राहून जाते. वरून स्लॅब, स्लॅबवर फरशी, फरशीवर मोटारसायकल. भोगवटा प्रमाणपत्र मागायला मालक येतो, तेव्हा टाकी फरशीखाली गेलेली असते. टाकी पाण्याने भरून चोवीस तास पातळी उतरते का पाहावी, ही साधी चाचणी मानकात आहे. ती केल्याची नोंद असलेली भोगवट्याची फाइल माझ्या हाताखालून कधी गेली नाही.

मग गप्पांत आपण ऐकतो: "आमची टाकी दहा बाय दहा बाय दहाची आहे, वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." हे अभिमानाने सांगितले जाते. जी टाकी कधी भरत नाही, ती एक तर खालून जमिनीत गळते, नाही तर मागच्या बाजूने गटारात वाहते. तिसरी शक्यता नाही. घरमालकाच्या दृष्टीने ती उत्तम टाकी. शेजारच्या विहिरीच्या दृष्टीने विचार करा.

शेजारची विहीर का नासते, हे जमीन पाहिल्याशिवाय कळत नाही. कोकणात, गोव्यात जांभा आहे. त्याच्या पोकळ्यांतून पाणी भरकन जाते आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी अंगणाला येऊन टेकते. झिरपचराचे पाणी तिथे गाळले जात नाही, ते थेट विहिरीला मिळते. देशावर याच्या उलट. बेसाल्टवरची काळी माती पावसात फुगते, पाणी आत घेत नाही. तिथे शोषखड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो आणि लोक नाइलाजाने पाइप गटारात काढतात. एकाच छेदाचा नकाशा दोन्हीकडे चालतो, कारण नियमाने अंतर सांगितले, मातीची झिरप मोजायला कोणी सांगितले तरी मोजणारा माणूस नेमला नाही. महाराष्ट्राने जल प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा 1969 मध्येच केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये स्थापन झाले. पण ते मंडळ कारखान्याच्या मोरीवर लक्ष ठेवते. घराच्या टाकीत डोकवायला त्याला माणसेही नाहीत आणि तसे त्याला कोणी सांगितलेही नाही.

इतरांनी काय केले

हा गोंधळ फक्त आपल्याकडे आहे असे नाही. चार देशांची उदाहरणे घेतो, कारण चौघांनी चार वेगळ्या वेळी टाकीला हात घातला.

आयर्लंडमध्ये सुमारे पाच लाख घरे सेप्टिक टँकवर आहेत. या टाक्यांवर देखरेखीची व्यवस्था नाही, म्हणून 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला दोषी ठरवले. सरकारने 2012 मध्ये कायदा केला: प्रत्येक टाकीची नोंदणी, 50 युरो शुल्क, तपासणी. खेड्यांतून एवढा संताप उसळला की शुल्क सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी 5 युरोवर आणावे लागले. तरी त्याच वर्षाच्या शेवटी न्यायालयाने दिरंगाईबद्दल 20 लाख युरोंचा दंड ठोठावलाच. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2009च्या त्या निकालातून कॅव्हन नावाचा एकच परगणा सुटला, कारण तिथल्या स्थानिक संस्थेने देशाच्या कायद्याची वाट न पाहता स्वतःचे उपविधी केले होते.

अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1995च्या नियमांनुसार घर विकताना टाकीची तपासणी करून घ्यावी लागते. विकणारा आणि घेणारा, दोघांचेही पैसे अडकलेले असतात, त्यामुळे तपासणी होते. आपल्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सात-बारा, कर भरल्याची पावती, सगळे मागतात. टाकीचा दाखला कोणी मागत नाही. दुसऱ्या टोकाला अलाबामा राज्यातला लाउंड्स परगणा. तिथली माती आपल्या काळ्या मातीसारखीच चिकट आणि फुगणारी, वस्ती बहुतांशी गरीब कृष्णवर्णीयांची. त्या जमिनीत साधी टाकी चालत नाही आणि चालणारी यंत्रणा त्यांना परवडत नाही. राज्याच्या कायद्याने मात्र घाण उघड्यावर सोडणाऱ्या घरमालकाला गुन्हेगार ठरवले. लोकांवर खटले झाले आणि घाण तिथेच राहिली. अखेर 2023 मध्ये केंद्रीय न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात या शिक्षा थांबवायचे ठरले.

जपानने 1983 मध्ये घरगुती शुद्धीकरण टाक्यांसाठी खास कायदा केला. टाकी बसवणारा परवानाधारक हवा, तिची देखभाल करणाराही परवानाधारक हवा. वर्षातून एकदा उपसा आणि वर्षातून एकदा त्रयस्थ संस्थेची तपासणी, पाण्याचा नमुना घेऊन. नुसता संडासाचा मैला घेणाऱ्या आणि मोरीचे पाणी तसेच सोडणाऱ्या नव्या टाक्या त्यांनी 2001 पासून बंद केल्या.

मलेशियाची कथा सगळ्यात बोलकी आहे. 1993 मध्ये कायदा करून त्यांनी देशभराचे काम एका कंपनीकडे दिले. ठरल्या वर्षांनी गाडी दारात यायची आणि टाकी उपसून जायची. 2008 मध्ये नवा कायदा लागू झाला, वेळापत्रक गेले आणि "मालकाने बोलावले तर येऊ" अशी पद्धत आली. उपशाचे प्रमाण लगेच घसरले. तीच माणसे, त्याच टाक्या, त्याच गाड्या. बदलले एवढेच की पुढाकार घरमालकाने घ्यायचा होता, आणि घरमालक टाकी तुंबल्याशिवाय पुढाकार घेत नाही.

वाई आणि सिन्नर

मलेशियाने जे सोडले ते आपल्याच दोन नगरपरिषदांनी 2018 मध्ये सुरू केले. ज्या वाईत मराठी विश्वकोश घडला ती कृष्णाकाठची वाई, आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर. दोन्ही छोटी गावे. 2011च्या गणनेत वाईची लोकसंख्या 36 हजार आणि सिन्नरची 65 हजारांच्या आसपास होती. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या तांत्रिक साहाय्याने त्यांनी ठरवले की गावातली प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी उपसायची. गावाचे भाग पाडायचे, कोणत्या भागात कधी गाडी येणार हे आधी ठरवायचे, दारात कर्मचारी जाऊन सांगणार, गाडी येणार, टाकी रिकामी होणार, मालकाची सही होणार. दारात पैसे मागायचे नाहीत. खर्च स्वच्छता कर आणि मालमत्ता करातून. ठेकेदाराला पैसे त्याने केलेल्या उपशाच्या कामगिरीवर.

यामागचे गणित लक्षात घ्या. तुम्ही खाजगी गाडी बोलावली तर ती एका टाकीसाठी गावभर फिरते आणि एका फेरीचे हजारो रुपये मागते. गल्लीतल्या सगळ्या टाक्या ओळीने उपसल्या तर तीच गाडी दिवसभर कामात राहते आणि दर टाकीचा खर्च उतरतो. तो खर्च तीन वर्षांच्या करात वाटला की घराला कळतही नाही. आपण कचऱ्याच्या घंटागाडीला दर फेरीचे पैसे देत नाही, तसेच हे.

आणि गाळ कुठे गेला? हा प्रश्न टाळून चालत नाही. वाईत उष्णतेने गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले, सिन्नरमध्ये गाळ वाळवण्याचे वाफे. एरवी काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी गावाबाहेर पुलाजवळ टँकर उभा राहतो, पाइप नाल्यात सोडतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. घरातून काढलेली घाण एक मैलावर नेऊन नदीत टाकायची आणि तिचे पैसे घ्यायचे. 2017 मध्ये केंद्राने मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण केले, महाराष्ट्राने त्याआधीच मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नंतर बहुतेक नगरपालिकांसाठी प्रक्रिया केंद्रांची आखणी केली. पण केंद्र बांधले की काम झाले असे नाही. गाव जोपर्यंत वेळापत्रकाने उपसा करत नाही, तोपर्यंत केंद्रात गाळच येत नाही. मग ते वाफे कोरडे पडतात आणि पाहणीला आलेल्या साहेबाला झाडलोट केलेले आवार दाखवले जाते.

टाकीत उतरणारा माणूस

आता सगळ्यात अवघड भाग. ज्या टाकीवर वेळापत्रक नाही, ती दहा-पंधरा वर्षांनी उपसतात. तोवर गाळ दगडासारखा घट्ट झालेला असतो, गाडीच्या पाइपाला येत नाही. मग कोणी तरी आत उतरते. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे माणसाला धोका कळत नाही. तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. अशा अपघातांत मृत्यू जोडीने होतात त्याचे कारण हे.

2013चा हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाने गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून असे मृत्यू झालेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली.

गोवंडीचे प्रकरण मुद्दाम सांगतो. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या एका खाजगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार दगावले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. टाकी खाजगी, ठेका खाजगी, मग सरकार पैसे का देईल, असा प्रश्न आला. 2021 मध्ये न्यायालयाने शासनाला प्रत्येकीला 10 लाख रुपये द्यायला सांगितले. ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून नंतर वसूल करण्याची मुभा शासनाला ठेवली. माझ्या मते आजच्या विषयाचा सारांश या निकालात आहे. टाकीची जागा खाजगी असली तरी तिची जबाबदारी सार्वजनिक आहे. न्यायालयाने ती माणूस मेल्यानंतर शासनावर टाकली. शासनाने ती आधी, दर तीन वर्षांनी, गाडी पाठवून घेतली असती तर टाकीत उतरण्याची वेळच आली नसती.

टाकीत कोण उतरतो, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. त्याची जात ठरलेली असते. कोकण गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले, तुरुंगाने ते उच्चवर्णीयाला देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी उपोषण केले. येरवड्यात गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडासाच्या रचनेवरच काम केले, कारण त्यांना उमगले होते की काम करणाऱ्याचे मन बदलणे पुरेसे नाही, हाताने काढायची घाणच उरू नये अशी रचना हवी. देहूचे डॉक्टर एस. व्ही. मापुसकर यांनी त्याच वाटेने आयुष्य घातले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गावाकडची सोपी वाट

गावांसाठी ही वाट अजून मोकळी आहे. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात मातीसारखे खत होते. ना गाडी, ना उपसा, ना टाकीत उतरणारा माणूस. कायद्याचा भार अगदी कमी. तरी लोक दोन खड्डे नाकारून मोठी टाकी बांधतात, कारण टाकी ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे आणि ग्रामसेवकाला छायाचित्रात फक्त संडास दिसला की पुरते.

मोरीच्या पाण्याचेही तसेच. 2019 पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर नळाचे पाणी देण्याचे ठरले. पाच माणसांच्या घरी 275 लिटर पाणी आले, तर त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत मोरीतून बाहेर पडणार. नळाच्या योजनेला निधी मिळतो, मोरीच्या योजनेला मिळत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, डास हटले आणि ही पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेली. तिथे नियम मोठा नव्हता, गावाने दर घरापुढे खड्डा आहे का हे मोजले एवढेच.

मागायचे काय

आता मागणीकडे येतो. पाच गोष्टी पुरेत.

पहिली, नोंद. मालमत्ता कराच्या आकारणीला कर्मचारी घरात येतोच, खोल्या मोजतो. त्याच फेरीत टाकी कुठे आहे, झाकण कुठे आहे, बाहेरचे पाणी कुठे जाते, हे तीन रकाने भरावेत. दुसरी, भोगवटा प्रमाणपत्राआधी पाणी भरून चाचणी आणि उघडता येणारे झाकण. फरशीखालची टाकी म्हणजे अपूर्ण बांधकाम समजावे. तिसरी, तीन वर्षांचे वेळापत्रक आणि त्याचा खर्च करात. चौथी, प्रत्येक मैलागाडीला परवाना आणि गाळ प्रक्रिया केंद्रात ओतल्याची पावती. पावती नाही तर बिल नाही. पाचवी, टाकी बांधणाऱ्या गवंड्याला आणि उपसणाऱ्या कामगाराला प्रशिक्षण, आणि उपसा फक्त यंत्राने.

दंड या यादीत मुद्दाम घातलेला नाही. निदान पहिल्या फेरीत तरी नको. लाउंड्स परगण्याने दाखवले की न परवडणाऱ्या नियमाचा दंड गरिबाच्या माथी बसतो. आयर्लंडने दाखवले की सेवा देण्याआधी शुल्क मागितले तर लोक भांडतात. आधी गाडी दारात येऊ द्या.

यावर हरकती येतील. गल्लीत गाडी जात नाही. छोट्या गाड्या आहेत, लांब पाइप आहेत, आगीच्या बंबाला आपण हीच सबब चालवून घेत नाही. अनधिकृत वस्तीला सेवा कशी द्यायची? टाकीतले पाणी सात-बारा पाहून वाहत नाही. उपसा केल्याने घर कायदेशीर ठरत नाही, एवढी एक ओळ ठरावात घातली की झाले. नगरपालिकेकडे पैसे नाहीत. भुयारी गटाराच्या एका टप्प्याच्या खर्चात किती वर्षांचा उपसा होतो, हा हिशेब आपल्या लेखापालाला एकदा मांडायला सांगा.

राहिला अधिकाराचा प्रश्न. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय नगरपालिकांकडे दिलेले आहेत. वाई आणि सिन्नरने मुंबई-दिल्लीच्या नव्या कायद्याची वाट पाहिली नाही, कॅव्हनने डब्लिनची पाहिली नव्हती. म्हणून तुम्हाला एकच विनंती करतो. आपल्या नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येते. ते मागून घ्या. त्यात भुयारी गटाराचा आकडा असेलच. त्याच्या खाली टाक्यांच्या नियमित उपशाचे शीर्ष आहे का ते पाहा. नसेल तर आपल्या नगरसेवकाकडून तसा ठराव मागा. त्यासाठी विधिमंडळात जायची गरज नाही, सर्वसाधारण सभेचे बहुमत पुरते.